धाकट्यानं आणलेला पट्टा

"वहिनी, बक्कल तुम्हीच लावा! तुमच्या नवऱ्याचा जीव आता तुमच्या हातात!" असं म्हणून धाकटा दीर मोठ्यानं हसला, आणि ते हसणं ऐकण्यासाठी तीन वर्षं आसुसलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

तीन वर्षं! तीन वर्षांपूर्वी ज्यानं या घराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, तो धाकटा आज दुपारी अचानक दारात येऊन उभा राहिला होता, हातात भलंमोठं खोकं घेऊन. खोक्यातून निघाला तो सुरक्षेचा पट्टा. उंच इमारतींच्या भिंतींना दोरावर लोंबकळत रंग देणाऱ्या थोरल्या भावासाठी आणलेला, खांद्यांवरून आणि मांड्यांखालून घ्यायचा, पाठीवर जाड कडी असलेला, नावाजलेल्या कंपनीचा निळाशार पट्टा!

"दादा, तुझा तो जुना, विटलेला पट्टा आठवला की माझी झोप उडायची," धाकटा म्हणाला. "दुकानात तासभर उभा राहून निवडलाय. आता वरून कुणी ढकललं तरी तू पडायचा नाहीस!"

थोरल्यानं नुसता भावाचा खांदा दाबला. आणि या सगळ्या आनंदात थोरली सून बक्कल लावायला वाकली, पाठीवरच्या कडीपाशी तिची बोटं गेली, आणि ती तिथेच थबकली!

चौदा वर्षं ती पट्टेच शिवत आली होती. बंदरावर माल उचलायला लागणारे रुंद, दणकट पट्टे शिवायच्या कारखान्यात तिचं मशीन होतं. कुठला दोरा भार घेतो आणि कुठला नुसता दिसायला असतो, हे तिला डोळे मिटूनही कळत असे. पट्ट्याचं टोक दुमडायचं, त्यावर चौकोन मारायचा, चौकोनात फुली मारायची आणि सुई तिन्ही पदरांतून आरपार गेली पाहिजे... इथे चौकोन होता, फुलीही होती, पण दोरा होता फक्त वरच्या पदरात! खालचे पदर चिकटवलेले होते. तिनं नखानं एक टोक हळूच ओढलं, तर ते साध्या शर्टाच्या शिलाईसारखं पटकन तुटून हातात आलं. कडीवर नख घासलं, तर चकचकीत रंगाखालून पांढुरका, हलका धातू डोकावला.

नकली! आत्यंतिक मायेनं आणलेली, आईच्या आसवांत भिजलेली ती भेट नखशिखांत नकली होती!

"काय गं, लागत नाही का बक्कल?" सासूबाईंनी विचारलं. तो आवाज लगेच कोरडा झाला होता. तिच्याशी बोलताना तो नेहमीच कोरडा होई.

"लागलं," ती कशीबशी म्हणाली.

तिच्या ओठांवर शब्द आले होते. पण ते बोलायचे कोणत्या तोंडानं? या घरातून धाकट्याला हिनंच घालवलं, असं घरातला प्रत्येक जण धरून चालला होता. तीन वर्षांपूर्वी धाकट्याला भावाबरोबर दोरावरचं काम शिकायचं होतं. पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावर त्याचे पाय लटपटले, आणि त्या दिवशी थोरला घरी येऊन तिला म्हणाला होता, "मी त्याला नाही नेणार. त्याला वर बघितलं की माझाच हात सुटेल. पण हे मी त्याला कसं सांगू? त्याचं मन मोडेल गं..." मग तिनंच ते आपल्या अंगावर घेतलं. "मीच नको म्हटलं," तिनं दिराला सांगितलं, "एका घरातला एकच माणूस वर जाईल." भावाला भाऊ पारखा होऊ नये म्हणून! दीर पंधरा वर्षांचा असताना ती या घरात आली होती. तापात त्याच्या उशाशी बसली होती, त्याची पुस्तकं शिवून दिली होती. तो तिला "वहिनी, तू" म्हणायचा. त्या दिवसापासून तो "तुम्ही" म्हणू लागला आणि आठवड्याभरात घर सोडून गेला. थोरला गप्प राहिला, आणि तीही गप्प राहिली.

आज तोच दीर परत आला होता. आणि तिनं म्हणायचं, तुमची भेट नकली आहे?

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं नवऱ्याला गाठलं.

"अहो, उद्या तो पट्टा घालू नका. त्याची शिलाई बरोबर नाही."

"आता हे पुन्हा सुरू करू नकोस," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "कंपनीचा शिक्का आहे त्यावर. शिलाई काय बघतेस, त्याची माया बघ ना!"

"माया भार पेलत नाही हो! मी हात लावून पाहिलंय..."

"हळू बोल! बाहेर ऐकू जाईल. तो उद्या सकाळी मला तो पट्टा घालून निघताना बघणार आहे. नाही घातला तर पुन्हा तीन वर्षं जातील. माझ्यात तेवढं बळ नाही गं." आणि तो निघून गेला.

नवऱ्याचा एक जोडीदार असाच सहाव्या मजल्यावरून पडला होता. त्याला चादरीत गुंडाळून नेताना तिनं पाहिलं होतं. उद्या सकाळी साडेसातला आपलाही माणूस ही फसवी शिलाई पाठीला बांधून बाराव्या मजल्यावरून स्वतःला खाली सोडणार... खरं सांगावं, तर नवरा ऐकत नाही. सर्वांसमोर बोलावं, तर दिराचा चेहरा... आपण भावासाठी मरण विकत आणलं, हे कळल्यावर तो या घरात पुन्हा तोंड दाखवील? सासूबाईंना तो पुन्हा दिसेल? राग यायचाच असेल, तर तो माझ्यावर येऊ दे! माझ्यावर आणखी एक आरोप आला, तर असं काय मोठं बिघडणार आहे?

पहाटे सगळे उठण्याआधी तिनं कारखान्यातली मोठी कात्री काढली, खुर्चीवर ठेवलेला तो पट्टा उचलला, आणि कडीपासून खांद्यापर्यंत उभा चिरून टाकला.

चहाच्या वेळी आकांत झाला!

"हे कुणी केलं?" सासूबाई किंचाळल्या.

"मी केलं," ती म्हणाली. तिची मान खाली होती. डोळ्यांतलं भय कुणाला दिसू नये म्हणून ती तशीच खाली होती.

धाकट्यानं ते तुकडे उचलले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इतका राग, वहिनी? माझ्या हातची एक वस्तूसुद्धा तुमच्या घरात नको?" त्याचा आवाज चिरकला. "चुकलं माझं. मी यायलाच नको होतं."

"अगं, बोल काहीतरी!" थोरला ओरडला. ती बोलली नाही. मग त्यानं खुंटीवरचा जुना पट्टा ओढला आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला. तो जुना पट्टा! तिनं स्वतः दोनदा तपासलेला, पक्क्या शिलाईचा... मनातल्या मनात तिनं सुटकेचा श्वास सोडला. वाचला! आता मला काहीही म्हणा.

धाकटाही पाठोपाठ निघून गेला. जाताना आईचा हातसुद्धा त्यानं सोडवून घेतला.

घरात दोघीच उरल्या. सासूबाई त्या रिकाम्या खोक्याशेजारी बसून राहिल्या होत्या. मग भिंतीशी बोलावं तशा बोलू लागल्या.

"किती हौसेनं आणले होते लेकरानं... एकसारखे दोन आणले होते. एक थोरल्याला, एक स्वतःला. म्हणाला, आई, आता आम्ही दोघं भाऊ एकाच पट्ट्यात! त्याचा त्यानं कालपर्यंत खोक्यातून काढलासुद्धा नव्हता. म्हणाला, दादानं घातला की त्याच दिवशी मीही घालीन. स्वतःचा जुना तर टाकूनसुद्धा दिलाय..."

तिच्या हातातलं भांडं खणकन खाली पडलं.

"दोन? आई, दोन? पण भाऊजी तर... ते कुठे वर चढतात?"

"गेली दोन वर्षं तेच काम करतोय. काल रात्री सगळं सांगितलं त्यानं मला. उंच इमारतींच्या काचा पुसतो बाहेरून. तुला कोण सांगणार?"

ज्याचे पाय चौथ्या मजल्यावर लटपटत होते, तो! आणि आज, रागानं पेटलेला, डोळे भरलेले, तो नकली पट्टा अंगावर चढवून... आणि तिनं त्याची लाज राखायची म्हणून तोंड शिवून घेतलं होतं! आपण एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला स्वतःच्या गप्प बसण्यानं वर चढवलं!

तिनं फोन लावला. त्यानं तिचा नंबर बघून कापला. पुन्हा लावला, तर बंद.

"आई, तो पट्टा नकली आहे हो! दोन्ही नकली! म्हणून कापला मी! कुठे काम करतात ते? कुठल्या इमारतीत?"

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या डोळ्यांत आधी संताप होता, मग संशय, आणि मग एकाएकी निव्वळ, नागडी भीती.

"पुलापलीकडची... ती नवी काचेची," त्या पुटपुटल्या. "कामावर असताना तो फोन खाली पेटीत ठेवतो. पळ! अगं, पळ! मी थोरल्याला कळवते!"

बस पुलावर गर्दीत अडकली, तेव्हा ती उतरून पळत सुटली. चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. काचेची इमारत समोर आली आणि तिनं मान वर केली... नवव्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या वीतभर रुंद कठड्यावर एक निळा ठिपका मागे झुकून काच पुसत होता. झुकत होता, सरळ होत होता, पुन्हा झुकत होता. प्रत्येक झुकण्याबरोबर तिला तो चिकटवलेला पदर उकलताना दिसत होता!

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात कामावरच्या मुकादमानं धावत येऊन तिला अडवलं.

"बाई, खालून हाक मारू नका! दचकला म्हणजे?"

"त्याचा पट्टा नकली आहे!"

"काहीतरीच! शिक्का बघितलाय मी सकाळी." पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज बसला. "लिफ्ट बंद आहे. जिन्यानं जावं लागेल..."

नऊ मजले! तिला स्वतःला घराच्या गच्चीवरही कठड्याजवळ उभं राहवत नसे. ती चढत गेली; छाती फुटायला आली, तरी थांबली नाही. नवव्या मजल्यावरच्या रिकाम्या दालनात नुसत्या खुर्च्या रांगेनं मांडलेल्या होत्या, आणि टोकाच्या उघड्या खिडकीबाहेर, तिच्यापासून दोन हातांवर, धाकटा बाजूच्या काचेकडे वळून पाठमोरा उभा होता. कडीपाशी चौकोनातली फुली अर्धी उसवली होती. दोऱ्याची टोकं वाऱ्यावर हलत होती.

आता एक शब्द चुकला तर...

खरं बोलण्याची सोय नव्हती. त्याला ती ओळखत होती! लहानपणी कुणी फांदी कच्ची आहे म्हटलं, की तिच्यावर मुद्दाम उड्या मारून दाखवणारा मुलगा होता तो. पट्टा नकली आहे म्हणावं, तर रागानं तो मागे अंग टाकून दाखवील, "हा बघा नकली!" म्हणून. हात पुढे करून धरावं, तर तो झटका देईल. तिनं हात पाठीमागे घट्ट बांधले. श्वास आवरला. आणि घरात हाक मारावी तशी साधी, हळू हाक मारली.

"भाऊजी..."

त्यानं मान वळवली. ओठ आवळले.

"इथेही आलात? आता काय उरलंय कापायचं?"

"माफी मागायला आले," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही म्हणालात ते खरं आहे. माझ्या मनात मत्सर होता. तुम्ही आलात, आईंचा चेहरा उजळला, तुमच्या दादांनी तुम्हाला जवळ घेतलं... मला ते बघवलं नाही. त्या रागात मी तुमची भेट कापली. तीन वर्षांपूर्वीही मीच वाईट वागले. माझ्यासारखी दुष्ट बाई नाही, भाऊजी."

कधीही न केलेलं पाप ती आपल्या तोंडानं कबूल करत होती, आणि तिचे डोळे मात्र त्या उसवत जाणाऱ्या फुलीवर खिळले होते.

धाकट्याचा हात काचेवर थांबला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला तो हात उचलू लागला.

"नको!" ती जवळजवळ ओरडली, आणि लगेच आवाज खाली आणला. "इथे रडू नका. असं खिडकीतून मी माफी मागणार नाही, तुम्हीही खिडकीतून द्यायची नाही. आत या. समोर बसा. मला हवं ते बोला. मग पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही तुम्हाला..."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. वारा आला. कठड्यावर साबणाचं पाणी चकाकत होतं. मग त्यानं एक हात चौकटीवर ठेवला, एक पाय आत टाकला. दुसरा पाय... दुसरा पायही आत आला! त्याचे बूट फरशीवर टेकले, आणि तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी असं धरलं, की नखं रुतली.

"अहो, सोडा! पट्टा अडकलाय खिडकीत," तो म्हणाला, आणि अडकलेला पडदा ओढावा तसा एक हलका हिसका त्यानं दिला.

आवाजसुद्धा झाला नाही. पाठीवरची कडी, चौकोन, फुली, सगळं त्याच्यापासून सुटं होऊन खिडकीबाहेर पडलं आणि दोराच्या टोकाला, नऊ मजल्यांच्या पोकळीवर, हलकेच झुलत राहिलं.

दोघंही त्याकडे बघत राहिले. धाकटा जागच्या जागी खाली बसला.

"वहिनी..." त्याचे दात वाजत होते. "दादाचा पण... असाच होता?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"तुला माहीत होतं? म्हणून कापलास?"

पुन्हा मान हलली.

"मग आत्ता म्हणालीस ते? मत्सर, दुष्टपणा..."

"तुम्ही आत यायला हवे होतात," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बळ सुटून ती त्याच्याशेजारीच फरशीवर कोसळली.

"मी दादाला मरण बांधून दिलं होतं! माझ्या हातांनी!" लहान मुलासारखा तो हुंदके देऊ लागला. "आणि तुला नाही नाही ते बोललो मी!"

"नाही, भाऊजी. तुम्ही माया बांधून दिली होती. त्यात दगा शिवणारे हात दुसऱ्याच कुणाचे होते."

जिन्यात पावलं वाजली. थोरला धापा टाकत आत आला, त्याच्यामागे मुकादमाच्या आधारानं सासूबाई. खिडकीबाहेर झुलणारी कडी थोरल्यानं पाहिली. मग फरशीवर बसलेल्या दोघांना पाहिलं. तो भिंतीला टेकला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं.

"काल ती मला सांगत होती," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. आणि आई... आणखी एक ऐकून घे. तीन वर्षांपूर्वी याला नको म्हणणारी ती नव्हती. मी होतो. मला भीती वाटत होती याच्यासाठी, आणि ते बोलायची हिंमत नव्हती. तिनं माझं नाव झाकलं. मी तीन वर्षं झाकू दिलं!"

धाकटा भावाकडे बघत राहिला; त्या नजरेत राग होता, आणि तो लगेच जाणार नव्हता. पण तो उठून गेला नाही. त्यानं वहिनीचा हात सोडला नाही.

सासूबाई हळूहळू पुढे आल्या. सुनेच्या रक्ताळलेल्या अनवाणी पायांकडे त्यांची नजर गेली. त्या खाली बसल्या, तिचं डोकं त्यांनी छातीशी धरलं, आणि एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू तरी बोलायचंस गं... माझ्यावर एकदा ओरडायचंस तरी!" आणि त्या मिठीत ती इतक्या वर्षांत प्रथमच मोकळेपणानं, आवाज न दाबता रडली.

मुकादम दारातच घुटमळत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "त्याच दुकानातून आमच्या आणखी सात जणांनी घेतलेत. पलीकडच्या बाजूला वर आहेत ते..."

तिचं रडणं थांबलं.

"एकेकाला आत घ्या. घाई करू नका, ओरडू नका. चहा आलाय म्हणून सांगा," ती म्हणाली.

दहा मिनिटांत सातही जण त्या रिकाम्या दालनात जमले, काय झालंय ते न कळून एकमेकांकडे बघत. ती एका खुर्चीवर बसली. धाकटा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून एकेक पट्टा उलटा करून तिच्या मांडीवर ठेवू लागला, थोरला खिडकीचा उजेड अडणार नाही असा बाजूला सरकला, आणि सासूबाईंनी तिच्या खांद्यावरचा हात घट्ट केला. तिनं बोटं शिलाईवर ठेवली.

पहिला पट्टा पक्का निघाला. दुसराही. तिसऱ्याच्या फुलीवर तिनं नख टेकवलं, दोरा ओढला, आणि मान वर करून त्या पट्ट्याच्या मालकाकडे पाहिलं. पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. तो मटकन खुर्चीत बसला.

सातांपैकी चार नकली निघाले. त्या दिवशी त्या इमारतीवर पुन्हा कुणीही चढलं नाही.